अर्क, किमया आणि बाथरूममधली बाटली

ईदला दोन दिवस राहिले होते. घरात साफसफाईची धांदल सुरू होती. बोअरच्या पाण्याने बाथरूमच्या फरशीवर पांढरट-पिवळे डाग बसले होते. मी फरशीवर ब्लीचिंग पावडर पसरली, ब्रशने घासली, पण डाग काही हलेनात. म्हणून कोपऱ्यातली संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली उचलली आणि त्याच पावडरवर ओतली. वास घरभर जायला नको म्हणून दार आधीच लोटून घेतले होते.

फस्स असा आवाज झाला. पोहण्याच्या तलावावर येतो तसा, पण त्याच्या कितीतरी पट तीव्र वास नाकात शिरला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, घसा आवळला गेला, खोकल्याची अशी उबळ आली की दाराची कडीसुद्धा सापडेना. धाकटीने बाहेरून दार ढकलून मला ओढत ओसरीवर आणले. दवाखान्यात वाफेतून औषध द्यावे लागले आणि खोकला पुढे आठ दिवस टिकला.

डॉक्टरांनी विचारले, "मॅडम, तुम्ही शाळेत काय शिकवता?"

"उर्दू आणि मराठी," मी म्हणाले. ते खोटे नव्हते. पण विज्ञानाच्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर असल्यामुळे दोन महिने सातवीचे विज्ञानही माझ्याचकडे होते, आणि त्याच आठवड्यात मी मुलांकडून ‘भौतिक बदल आणि रासायनिक बदल’ हा धडा घोकून घेतला होता, हे सांगायची मला लाज वाटली.

ईदनंतर वर्गात हा प्रसंग मी मुलांना सांगितला. एका मुलीने विचारले, "टीचर, पावडर साफ करायची, ॲसिडही साफ करायचे. मग दोन्ही मिळून जास्त साफ व्हायला पाहिजे ना?" मीसुद्धा नेमका हाच हिशेब केला होता. हा हिशेब कुठे चुकतो, ते समजून घेण्यासाठी मी तो धडा पुन्हा वाचायला बसले. या लेखात तेच सांगायचे आहे.

पाठ केलेला नियम

आपण शाळेत काय पाठ केले? भौतिक बदल तात्पुरता, रासायनिक बदल कायमचा. भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक उलटवता येत नाही. बर्फ वितळला, फ्रीजमध्ये ठेवला, पुन्हा बर्फ झाला, म्हणून भौतिक. लाकूड जळले, राख झाली, पुन्हा लाकूड होत नाही, म्हणून रासायनिक. परीक्षेपुरते हे चालून जाते.

पण हाच नियम घेऊन घरात फिरून बघा. गिरणीवरून दळून आणलेल्या पिठाचे पुन्हा गहू करता येतील का? काचेची बांगडी फुटली, ती पूर्वीसारखी होईल का? फाटलेला कागद? यातले काहीच उलटवता येत नाही. तरीही पीठ गव्हाचेच आहे, तुकडे काचेचेच आहेत, फाटला तरी कागद कागदच आहे. हे सगळे भौतिक बदल.

आता उलट बाजू. इन्व्हर्टरची बॅटरी वीज देते तेव्हा आत रासायनिक बदल होतो आणि चार्जिंगला लावली की तोच बदल उलटा होतो. भिंतीच्या चुन्याचेही तसेच. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकले की तो उकळतो, वाफा येतात आणि भिजवलेला चुना तयार होतो. (म्हणून कळीच्या चुन्याजवळ लहान मुलांना फिरकू देऊ नये; त्याने डोळे जातात.) हा भिजवलेला चुना भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. जुने वाडे, मशिदी, किल्ले यांचे चुन्याचे बांधकाम त्यामुळेच इतके घट्ट असते. म्हणजे सगळे बदल रासायनिक आणि शेवटी हातात पुन्हा चुनखडी.

तेव्हा उलटवता येते का, हा खरा प्रश्न नव्हे. खरा प्रश्न असा, की बदलानंतर पदार्थ तोच राहिला की नवा तयार झाला?

दोन शब्द

भाषेची शिक्षिका असल्यामुळे मी शब्दांकडे वळले. उर्दू माध्यमाची मुले या बदलांना ‘तबई तब्दीली’ आणि ‘कीमियाई तब्दीली’ म्हणतात. यातला ‘कीमिया’ अरबी-फारसीतून आला आणि मराठीत ‘किमया’ होऊन राहिला. एखाद्याने काही अजब करून दाखवले की आपण सहज म्हणतो, ‘काय किमया केली!’ लोखंड-तांब्याचे सोने करू पाहणाऱ्यांची ती विद्या. सोने काही झाले नाही, पण त्या खटपटीतून पुढे रसायनशास्त्र उभे राहिले. आठव्या शतकातील जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावर असलेल्या ग्रंथांत पदार्थ तापवणे, त्याची वाफ करून ती थंड करणे, स्फटिक तयार करणे अशा क्रियांची वर्णने आहेत. शाळेत मुले ‘अल्कली’ म्हणतात, तो शब्दही मुळात अरबीच.

दुसरा शब्द ‘अर्क’. हाही अरबीतून मराठीत आला. गुलाबाच्या पाकळ्यांतून वाफ जाऊ द्यायची, ती वाफ थंड करायची, की गुलाबपाणी हाती येते. सुगंध पाकळीत होता, तोच वाफेबरोबर निघाला आणि बाटलीत आला. नवीन काही जन्माला आले नाही, जे होते ते वेगळे काढले एवढेच.

वर्गात मी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, अर्क आणि किमया. मिसळणे, गाळणे, वितळणे, उकळणे, वेगळे काढणे हे अर्काच्या बाजूला. जळणे, गंजणे, आंबणे, नासणे हे किमयेच्या बाजूला. मुलांना तात्पुरता-कायमचा यापेक्षा हे लवकर समजले.

जासईचे मीठ

माझ्या वर्गातल्या अनेक मुलांच्या आजोबा-पणजोबांनी मिठागरात काम केलेले आहे. जासई म्हटले की लोकांना १९८४चे शेतकऱ्यांचे आंदोलन आठवते. जमिनी गेल्या, बंदर आले, कंटेनरच्या रांगा लागल्या. पण त्याआधी उरण तालुक्याची ओळख भातशेती आणि मिठागरे अशी होती. आगरी या नावाचा संबंधही आगराशी, म्हणजे मिठागराशी जोडला जातो.

मिठागरात काय होते? भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि उथळ वाफ्यांतून एकातून दुसऱ्यात सोडत न्यायचे. ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला बहुतेक भाग खायच्या मिठाचा. पाणी आटत गेले की आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, मग मिठाचे स्फटिक धरतात आणि शेवटी मॅग्नेशियमचे कडू क्षार असलेले पाणी उरते. ते पाणी वेळेवर काढून टाकावे लागते. तेही आटू दिले तर मीठ कडवट होते आणि ओल धरते. कोणत्या दिवशी पाणी सोडायचे, कधी मीठ ओढायचे, हे ज्यांना कळत होते त्यांतल्या कित्येकांनी शाळा पाहिलेली नव्हती. पण पदार्थ वेगळे करण्याचे हे शास्त्र त्यांच्या हातात होते.

यात मीठ ‘तयार’ झाले असे आपण म्हणतो, पण ते पाण्यात होतेच. पाणी गेले, मीठ मागे राहिले. भौतिक बदल. आपण अर्क काढला म्हणू, फक्त उलट्या बाजूने. इथे ठेवायचे ते खाली राहते आणि उडून जाते ते आपल्याला नको असते.

आता तेच खारे पाणी आणि तीच खारी हवा लोखंडाला लागू द्या. खाडीकाठच्या आमच्या घरांच्या खिडक्यांचे गज, फाटकाच्या बिजागऱ्या, बंदराच्या रस्त्यावर उभे जुने कंटेनर यांवर तांबूस पापुद्रे धरतात. हा गंज म्हणजे मळलेले लोखंड नव्हे. लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी मिळून झालेला तो वेगळाच पदार्थ आहे. लोखंडाला चकाकी असते, ते ताण सोसते, चुंबकाला चिकटते. गंज मात्र बोटाने भुगा होतो. मीठ या कामाला वेग देते, कारण खाऱ्या पाण्यातून विजेचे सूक्ष्म प्रवाह सहज वाहतात आणि गंजण्याची क्रिया त्यांच्यावरच चालते.

गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणून स्लॅबमधली सळई गंजली की फुगते आणि आतून सिमेंट फोडते. छताचे पोपडे पडायला लागले की आपण वरून प्लास्टर करून घेतो, पण दुखणे आतल्या सळईत असते. घर बांधताना सिमेंट कालवायला खारे पाणी वापरू नये, सळई उघडी पावसात पडू देऊ नये, हे गवंडी सांगतात ते याचसाठी.

समुद्र एकच. त्याने वाफ्यात मीठ दिले आणि फाटकावर गंज. पहिल्यात पदार्थ तोच राहिला, दुसऱ्यात नवा झाला.

सिलिंडरपासून शेगडीपर्यंत

उरणचे दुसरे मोठे नाव म्हणजे ओएनजीसीचा प्रकल्प. १९७४ साली मुंबई हायमध्ये तेल सापडले. समुद्रातून नळांवाटे येणाऱ्या तेल आणि वायूवर उरणला प्रक्रिया होते आणि त्यांतून इतर गोष्टींबरोबर घरगुती गॅसही वेगळा काढला जातो. हा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. दाब देऊन त्याचा द्रव करतात आणि १४.२ किलो सिलिंडरमध्ये भरतात. खटका फिरवला की द्रवाचा पुन्हा वायू होऊन नळीतून येतो. इथपर्यंत सगळे भौतिक. काडी लावली की त्याच क्षणी बदल रासायनिक होतो. गॅस आणि ऑक्सिजन मिळून कार्बन डायॉक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, उष्णता मिळते आणि आपला शीरखुर्मा उकळतो.

या दोन टप्प्यांचे धोके वेगवेगळे आहेत. गॅस जळण्याआधी गळला, तर तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास यावा म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य घातलेले असते. वास आला की रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, कारण एक ठिणगी पुरते. मग बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

जळतानाचा धोका निराळा. हवा पुरेशी असेल तर ज्योत निळी असते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्याची बुडे काळी पडतात आणि कार्बन डायॉक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तात तो ऑक्सिजनची जागा बळकावतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवून आंघोळ करणारा माणूस बेशुद्ध पडतो, तो असा. गळणाऱ्या गॅसची सूचना नाक देते, या नव्या वायूची देत नाही. म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा. आत असेलच तर बादली भरून घेऊन गिझर बंद करावा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे.

खुणा फसवतात

बुडबुडे, रंग, वास, उष्णता या रासायनिक बदलाच्या खुणा आहेत असे पुस्तक सांगते. खरे आहे, पण एकट्या खुणेवर विसंबू नये. पाणी उकळताना बुडबुडे येतात, ती पाण्याचीच वाफ. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर फेस येतो, कारण दाबून विरघळवलेला वायू बाहेर पडतो. हे भौतिकच. खायच्या सोड्यावर लिंबू पिळले तरी फेस येतो, पण तिथे सोडा आणि लिंबातले आम्ल मिळून नवा वायू जन्मतो. दिसायला दोन्ही फेस सारखेच.

दूध आटवून बासुंदी केली की पाणी कमी झाले, हा मुख्यतः भौतिक बदल. फार वेळ आटवताना रंग बदामी होतो, तिथे थोडी किमयाही घडते. दुधाला विरजण लावले तर जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात आणि दही होते, हा रासायनिक. भेळ कितीही कालवली तरी तिच्यात कांदा कांदाच राहतो आणि चिंच चिंचच, ते मिश्रण. आणि मीठ? ते सोडियम आणि क्लोरिन यांचे संयुग आहे. सोडियम हा धातू पाण्यात पडला तर भडकतो. क्लोरिन हा विषारी वायू आहे. दोघे एक झाले की आपण ते वरणात घालतो. संयुगात घटकांचे जुने गुण उरत नाहीत, नव्या पदार्थाला नवे गुण असतात.

पुन्हा त्या बाथरूममध्ये

इथे माझ्या चुकीचा उलगडा होतो. कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरिन वायू मिळवतात. तो भिजवलेल्या चुन्यातून नेला की ब्लीचिंग पावडर तयार होते. म्हणजे मिठातला क्लोरिन त्या पावडरमध्ये बांधून ठेवलेला असतो. संडास साफ करायच्या बहुतेक ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते पावडरवर पडले आणि बांधलेला क्लोरिन सुटा झाला. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्र इथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. तोही हवेपेक्षा जड, म्हणून खाली वाकून फरशी घासणाऱ्या बाईच्या तोंडाशी आधी पोहोचतो. दार मी स्वतःच लावले होते.

साफ करणारे अधिक साफ करणारे म्हणजे जास्त साफ, हा हिशेब मिश्रणाचा आहे. भेळेला तो लागू पडतो. रासायनिक बदलात बेरीज होत नाही, तिसराच पदार्थ पुढे येतो आणि त्याचे गुण पहिल्या दोघांवरून ओळखता येत नाहीत. म्हणून प्रत्येक घराने एवढे पाळावे:

ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचे ब्लीच कोणत्याही ॲसिडबरोबर वापरू नये. व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा आम्लेच आहेत. अमोनिया असलेल्या काच साफ करायच्या द्रवातही ब्लीच मिसळू नये, त्यातूनही विषारी वायू निघतो. एका वेळी एकच वस्तू वापरावी. दुसरी वापरायचीच असेल तर पहिली भरपूर पाण्याने पूर्ण धुऊन काढावी, शक्यतो दुसऱ्या दिवशी. काम करताना दार-खिडकी उघडी असावी. ॲसिड पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.

चुकून झालेच, तर सांडलेले आवरत बसू नये. आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे. डोळे चुरचुरत असतील तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. श्वासाला त्रास होत असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठावा किंवा १०८ला फोन करावा. दम्याच्या रुग्णाने आणि लहान मुलांनी त्या खोलीजवळही जाऊ नये.

मुलांसोबत करून पाहा

सुट्टीत मुलांना दोन प्रयोग करू द्या. पहिला, एका स्टीलच्या ताटात खारे पाणी घेऊन गच्चीवर उन्हात ठेवा. पाणी आटेल, मीठ उरेल. ते पुन्हा पाण्यात टाकले की विरघळेल. दुसरा, तीन बाटल्या घ्या आणि प्रत्येकीत एक साधा लोखंडी खिळा टाका. पहिलीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी, तिसरीत उकळून गार केलेले पाणी आणि वर तेलाचा थर, म्हणजे हवा आत जाणार नाही. पहिल्या दोन बाटल्या उघड्या ठेवा. चार-पाच दिवस रोज पाहा आणि कोणता खिळा आधी गंजला ते वहीत लिहून ठेवायला सांगा. धडा पाठ करून घेण्यापेक्षा हे बरे.

वार्षिक परीक्षेत मी तो तक्ता विचारला नाही. ‘घरात पाहिलेला एक बदल लिहा आणि पदार्थ तोच राहिला की नवा झाला, ते कशावरून ओळखले ते सांगा’ असा प्रश्न दिला. कोणी फाटकाचा गंज लिहिला, कोणी दही. शंका विचारणाऱ्या त्या मुलीने लिहिले होते, ‘आमच्या अम्मीने ॲसिडची बाटली आणि ब्लीचिंग पावडरचा डबा आता वेगवेगळ्या ठिकाणी ठेवला आहे.’ प्रश्नाला धरून ते उत्तर नव्हते. मी पूर्ण गुण दिले.